बटनला परत घेऊन जा

वरोरा,
दि. २९ जानेवारी २००२

आदरणीय बापूजीभाऊ यांना मुश्ताक टेलरचा उभ्या उभ्या सलाम.

वाकून करायचा होता, पण वाकायला अंगणात जागा उरलेली नाही. का उरली नाही, तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? तुमचा गडी सुकलू मागच्या महिन्यात बाजारात भेटला होता. त्याने सांगितलं की तुम्ही आता काठी घेऊन शेताच्या धुऱ्यावर जाता, आणि काठीचा उपयोग चालायला कमी व सुकलूला कामाला लावायला जास्त करता. ऐकून बरं वाटलं. कमळावहिनींचा दमा थंडीत वाढला नसेल अशी आशा आहे. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचलं की खुशाली किती आहे ते तुम्हाला कळेलच.

तर मुख्य गोष्ट आधीच सांगतो, कारण पत्र लिहायला बसलो की मी भरकटतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बटनला परत घेऊन जा. तुमच्या गोठ्यातून आलेला बैल, तुमच्याच गोठ्यात परत जाऊ द्या. मी पैसे घेणार नाही, दुसऱ्या कोणाला विकणारही नाही, फक्त घेऊन जा.

बटन तुम्हाला आठवत नसेल, कारण तुमच्याकडे होता तेव्हा त्याला नाव नव्हतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या रीताच्या लग्नात मी तुमच्या ओसरीवर मशीन मांडून आठ दिवस बसलो होतो. (अजून आठवतं, नवरदेवाचा कोट तीनदा उसवला, कारण नवरदेव हळदीच्या जेवणात तीनदा वाढला.) तेव्हा माय गेलेलं एक गोऱ्हं दिवसभर माझ्याजवळ उभं राहून माझी मापाची टेप चघळायचं. पांढरं अंग, आणि कपाळावर काळा गोल ठिपका, जणू कोणी शर्टाचं बटन टाकून विसरलं. निघायच्या दिवशी तुम्ही हसत म्हणालात, "मुश्ताकभाई, याले तुमचा लळा लागला. घेऊन जा ना याले." मीही हसत म्हणालो, "द्या मग." आपण दोघांनीही गंमत केली होती. सुकलूने मात्र गंमत समजून न घेता ते गोऱ्हं टेम्पोत चढवलं, मशीनच्या बाजूला बांधलं, आणि मी चहा पिऊन बाहेर येईपर्यंत ड्रायव्हरने फळी लावूनही टाकली होती. त्या वेळी मी 'नको' म्हणू शकलो असतो. खरं सांगू का भाऊ, मला म्हणायचंच नव्हतं.

आमच्या अब्बांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून शंकरपटातली बैलांची शर्यत दाखवली होती. धुरळ्यातून जोडी येते, हाकणारा छकड्यावर अर्धा उभा अर्धा हवेत, आणि आपल्या छातीत काहीतरी हलतं, ते मी सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा हललं. घरी येऊन मी सांगितलं की मी मोठा झालो की जोडी ठेवणार. अब्बा हो म्हणाले. चौदाव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात कैची दिली, ती तीस वर्षं खाली ठेवलेली नाही. माझी तक्रार नाही, कैचीने घर चाललं. पण माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं कापत राहतो, तेव्हा एखादी गोष्ट आपल्या मापाची असावी असं वाटतं. माझ्या मापाची गोष्ट चार पायांची निघाली, एवढंच.

साबिराने टेम्पोतून उतरणारं गोऱ्हं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मशीन कुठी आहे?" मशीन आहे असं पाहिल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न अजून यायचा आहे. त्या दिवसापासून तिच्या तोंडी बटन हा 'तुमचा बैल' आहे. अंगणाला लागून पडवीत तिची पायाची मशीन आहे, दुपारी ती शेजारणींचे ब्लाउज-परकर शिवते, आणि पलीकडच्या खुंट्याला बटन. मी सकाळी बाजारातल्या दुकानात जातो तो संध्याकाळी येतो. चार वर्षांत ही बाई त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवताना मी पाहिली नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

आता तुम्हाला वाटेल की शिंप्याने बैल पाळला तर बिघडलं काय. सांगतो. पहिल्या पोळ्याला मी बटनसाठी झूल शिवली. दुकानात उरलेलं कापड असतं ते तुम्ही जाणताच. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, पण असतं. आमच्या हेडमास्तरांच्या तपकिरी चौकड्याच्या सफारीचं कापड उरलं होतं, त्याची झूल केली, कडेला लाल झालर. फार सुंदर दिसत होती. पोळ्याच्या मिरवणुकीत बटन चौकात आला आणि पूजेचं ताट घेऊन समोर कोण उभं? हेडमास्तर. अंगावर तोच सफारी. त्यांनी बटनला टिळा लावला, मग त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग पुन्हा पाठीकडे. अख्ख्या चौकाने त्यांच्याबरोबर मान फिरवली. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "मुश्ताक, तू म्हणत होता का कापड कमी पडलं, म्हणून खिसा एकच लावला." त्या रात्री मी सफारीला दुसरा खिसा लावून दिला. तो झुलीतून कापला. तेव्हापासून गावात कोणीही शिवायला कापड टाकलं की विचारतो, "यातून बैलाचं निघते काय?"

त्यानंतर तालीम. सकाळी पाचला मी बटनला घेऊन आनंदवनाच्या रस्त्याला जायचो. बैलाला तुतारीचा खिळा टोचायचा नाही, शेपूट मुरगाळायची नाही, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. लाडाने धावला तर धावेल. तो लाडाने धावला आणि मला कासऱ्यासकट घेऊन धावला. गिरणीवाले पाळीवरून सायकलीने परतत असायचे, त्यांनी रोज पाहिलं आहे की पुढे बैल, मागे लुंगी सावरणारा मुश्ताक टेलर. कोण कोणाला शिकवतंय, असं ते एकमेकांना विचारायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. श्वासच नसायचा उत्तर द्यायला.

आणि घरी काय, तर आमची निशात दहावीला. तिला चित्रांचा नाद. वहीच्या मागच्या पानावर, उशीच्या अभ्र्यावर, एकदा तर पोस्टाच्या पाकिटावर (ते तुम्हालाच आलं होतं, मोर होता). मी तिला रोज ऐकवतो की बेटा, शौक नंतर, आधी अभ्यास. मागच्या आठवड्यात पटासाठी बटनची शिंगं रंगवायची होती, तेव्हा मी तिलाच बोलावलं. ती ब्रश हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, हे शौक आहे का अभ्यास? मंग मी तसं करतो." मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "मंग माह्या टाइम टेबलमध्ये हे लिहून द्या." मी लिहून दिलं, आणि सही पण केली. भाऊ, बाप होणं म्हणजे आपणच केलेल्या कायद्यातून आपल्यालाच पळवाट शोधत राहणं, आणि पोरगी दारात उभी राहून ती पळवाट पाहत असते. तिने शिंगांवर मात्र असे निळे मोर काढले, की मी अर्धा तास बघत बसलो. त्या अर्ध्या तासात मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. तिला मी फक्त 'छान' म्हणालो.

पण खरा घोळ दिवाळीच्या तोंडावर झाला. माझी मापाची वही मी संध्याकाळी घरी आणून पडवीत खाटेवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेलो. परत आलो तेव्हा पुठ्ठा शिल्लक होता. पंधरा वर्षांची वही, भाऊ. अख्ख्या वरोऱ्याच्या छात्या, कंबरा, बाह्या, कोणाची एक बाजू उतरती, कोणाला पोट लपवून हवं, सगळं त्या बैलाने खाल्लं आणि वर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीठ कमी होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी नवीन मापं घ्यायला वेळ कुठला? मी आठवणीवर कापलं. त्या दिवाळीत निम्मं गाव दुसऱ्याच्या मापात फिरलं. पोस्टमास्तरांचा शर्ट त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला, आणि ज्यांना गुडघ्यापर्यंतचा कुर्ता हवा होता त्या हाजीसाहेबांना बेंबीपर्यंतचा बुशशर्ट मिळाला. दोघांची चौकात गाठ पडली, तिथेच त्यांनी अदलाबदल केली, आणि मग जोडीने माझ्या दुकानात आले. पुढचं मी लिहीत नाही.

त्या संध्याकाळी साबिराने जेवण वाढलं, समोर बसली आणि म्हणाली (हिंदीत म्हणाली, पण जोर तोच), "एक पट. तुमच्या मनात आहे तर एक पट करा. नंबरात आला तर राहू द्या त्याले. नाही आला तर बापूजीभाऊकडे परत. वादा?" मी वादा केला. घरात इतकी वर्षं ती माझं सगळं सहन करते आहे, तिने एक गोष्ट मागितली, तर नाही कसं म्हणू? रात्री मात्र मी उठून दोनदा बटनकडे जाऊन आलो. तो रवंथ करत होता. वही पचत असावी.

तर गेल्या आठवड्यात चिमूरकडच्या एका गावात पट होता. माझ्याकडे बैल एकच, पटाला जोडी लागते. त्या गावचा पोचू म्हणून एक पटातला जुना माणूस आहे, त्याच्या 'वकील' नावाच्या बैलाला जोडीदार नव्हता. जोडी जमली, पोचू हाकणार असं ठरलं. मी, साबिरा आणि निशात टेम्पोने गेलो. साबिरा म्हणाली होती की मी फक्त वादा पुरा होताना पाहायला येते. मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून बसली होती. मी विचारलं यात काय, तर म्हणाली, "तुमाले काय करायचं?" मला वाटलं, डबा असेल.

भाऊ, काय माणसं होती! लाउडस्पीकरवाला ओरडला, "आता येत आहे वरोऱ्याचे सुप्रसिद्ध टेलर मुश्ताकभाई यांचा बटन, आणि सोबत पोचूभाऊचा वकील!" माझे डोळे भरून आले. अब्बा असते तर म्हणून. झेंडी पडली आणि जोडी सुटली. बटन डावीकडे, वकील उजवीकडे, आणि मी शपथेवर सांगतो, बटन वकिलाला ओढत होता. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "हा कुठचा बैल होय बे?" मी म्हणालो, "माझा." आयुष्यात इतका छान शब्द मी दुसरा बोललेलो नाही. अर्धं मैदान झालं, पाऊण झालं, घड्याळवाला घड्याळाकडे पाहून उडी मारायच्या बेतात आला.

आणि बटन डावीकडे वळला.

मैदानाच्या डाव्या हाताला जत्रेची दुकानं होती. जिलबी, बांगड्या, फुगे, आणि त्यांच्या मध्ये आमच्याच धंद्यातला एक माणूस पायाची मशीन मांडून पिशव्या शिवून देत होता, चेन बदलून देत होता. बटन त्या मशीनच्या आवाजाकडे निघाला. मागे फरपटत वकील, वकिलामागे छकडा, छकड्यावर पोचू, आणि पोचूच्या तोंडून अशी भाषा, की साबिराने निशातचे कान झाकले (स्वतःचे झाकले नाहीत). माणसं बाजूला पांगली, कोणाला खरचटलं नाही, अल्लाची मेहरबानी. जिलबीवाल्याने कढई वाचवली पण पाक वाचवला नाही. पिशवीवाला मशीन सोडून बांगड्यांच्या गाडीखाली शिरला. आणि बटन, भाऊ, त्या मशीनपाशी येऊन शहाण्या मुलासारखा उभा राहिला, मान खाली घातली आणि तोंड उघडलं. वाट पाहत.

मी धापा टाकत पोचलो तर साबिरा माझ्याआधी तिथे. कशी पोचली, माहीत नाही. मला वाटलं, आता ही त्याला मारते. तिने पिशवीत हात घातला आणि सरकी ढेपेचा एक तुकडा काढून त्याच्या तोंडात टाकला. त्याने खाल्ला. तिने दुसरा टाकला. मग तिला माझी आठवण झाली.

"काऊन?" मी एवढंच विचारलं.

"काऊन म्हणजे?" ती माझ्यावरच चिडली. "मशीनवर बसली का हा हंबरते. शेजारणी म्हणतात, बाई, काय त्याले उपाशी ठेवता? मंग टाकतो एक तुकडा. चार वर्स झाले टाकून राह्यली. तुमचं काय जाते त्याच्यात?"

म्हणजे कळलं ना भाऊ? दुपारी ती मशीनवर बसली की याला खाऊ. चार वर्षं, रोज. मी पहाटे पाचला उठून त्याला धावायला शिकवत होतो, आणि ती अंगणात बसल्या बसल्या त्याला थांबायला शिकवत होती. दोघांत कोणाचं शिक्षण पक्कं, ते अख्ख्या पटाने पाहिलं. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "टेलरचा बैल चेन बदलाले गेला, मंडळी." अजून हसत असतील.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बापूजीभाऊंना पत्र टाकतो." ती म्हणाली, "टाका. वादा म्हणजे वादा." आणि मशीनवर जाऊन बसली. बटन हंबरला. ती उठली नाही. तो पुन्हा हंबरला. त्या दिवशी तिने मशीन दहा मिनिटांत बंद केली आणि डोकं दुखतं म्हणून आत गेली. मला वाईट वाटलं भाऊ, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला आहे. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पोरीची दहावी, दुकानात कामाचा ढीग, आणि मी बैलामागे धावतो, हे शोभत नाही असं लोक म्हणतात, आणि लोकांचं बरोबरच असणार, ते इतके सगळे आहेत. तेव्हा पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन या आणि त्याला घेऊन जा. दुसऱ्याच्या दावणीला मी त्याला पाहू शकणार नाही. तुमच्याकडे असला की निदान विचारपूस करता येईल.

कमळावहिनींना सलाम. रीताला आशीर्वाद. जावयाचा कोट अजून होतो का, कळवा.

तुमचा,
मुश्ताक टेलर

ता.क. तो लोखंडी बादलीत पाणी पीत नाही, घमेल्यात देणे. पाठीवर हात फिरवायचा तर उजवीकडून, डावीकडून दचकतो. थंडीत झूल घालणे (खिशाएवढं भोक आहे, त्याला मी ठिगळ लावलं आहे). कागद, वही, सातबारा जवळ ठेवू नये.

ता.क. २. तुमचा लख्या बैल उजवीकडून धावतो ना? बटन डावीकडूनच धावतो. सहज विचारलं.

ता.क. ३. तुमच्या गावचा पट वीस तारखेला आहे असं सुकलू म्हणत होता. नाहीतरी तुम्ही त्याला न्यायला येणारच, तर त्याच सुमारास या, आणि नेल्यावर एकदा लख्यासोबत जुंपून पाहायला काय हरकत आहे? मी फक्त पोचवायला म्हणून येईन. वाद्याचं म्हणाल तर मी तो पाळतोच आहे. एक पट, असं ठरलं होतं. पण बटन त्या पटात शेवटच्या झेंडीपर्यंत गेलाच नाही, म्हणजे तो पट पुरा झालाच नाही, असं माझं मत आहे. साबिराला यातलं काही कळवू नका.

—

बापूजीभाऊले साबिराचा सलाम. निशातच्या हातानं लिहून घेतो. निशातचे अब्बा पाकीट मले पोस्टात टाकाले देऊन गेले. उघडं होतं म्हणून वाचून घेतलं. (उघडं नवतं, अम्मीनं वाफेवर उघडलं. - निशात)

भाऊ, बैल न्याले येऊ नका. तो इथीच राहीन. पण हे त्याईले आत्ता सांगू नका, थोडे दिवस वही सांभाळून ठेवाची सवय लागू द्या. वीस तारखेले आमी सगळेच येतो. तुमी फक्त एक काम करा. पटाच्या शेवटच्या झेंडीच्या पलीकडं, माणसं नसतीन अशा जाग्यावर, एक खाट आन थोडी सावली करून ठेवा. टेम्पोत बैलासंग माही मशीन बी चढते. जोडी सुटली का मी तिथी बसून मशीन चालवतो. मंग पाहा तो कुठी थांबते ते.

निशातच्या अब्बाले मात्र सांगू नका. त्याईले वाटू द्या, का बैल त्याईच्या शिकवण्यानंच धावला.